अष्टागरातील जुनी वस्ती : अलिबाग, चौल, रेवदंडा परिसराच्या इतिहासाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अलिबाग तालुक्याच्या किनारपट्टीचा इतिहास आणि तेथे वेगवेगळ्या काळात येऊन स्थिरावलेली माणसे यांबद्दल वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. प्रारंभी परिचयाचे प्रश्न आहेत. आडनावे, दप्तरे आणि वादाचे मुद्दे पुढे आहेत. एकच माहिती दोनदा येऊ नये म्हणून आवश्यक तेथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. अष्टागर म्हणजे नेमका कोणता भाग? आठ गावे कोणती?

उत्तरेला मांडवा-सासवणेपासून दक्षिणेला कुंडलिका नदीच्या मुखावरील रेवदंड्यापर्यंत समुद्राला लागून नारळी-पोफळीच्या वाड्यांचा जो पट्टा आहे, त्याला सर्वसाधारणपणे अष्टागर म्हणतात. आवास, सासवणे, किहीम, थळ, अलिबाग, अक्षी, नागाव, चौल, रेवदंडा ही नावे निरनिराळ्या याद्यांत येतात आणि ती मोजली तर आठाहून अधिक भरतात. एकच प्रमाण यादी आहे असे धरून वाद घालण्यात फारसा अर्थ नाही, कारण काळानुसार मोठी आणि छोटी आगरे बदलत गेली. मात्र नाव जुने आहे, एवढे निश्चित. नागावच्या शके १२८९ म्हणजे इ. स. १३६७ च्या शिलालेखात ‘अठागर’ असा उल्लेख आहे. त्या लेखाविषयी प्रश्न ५ पाहावा.

२. अलिबाग हेच या भागातील सर्वांत जुने गाव आहे का?

नाही. जिल्ह्याचे मुख्यालय असल्यामुळे तसा समज होतो. अली नावाच्या एका धनिकाने येथे विहिरी खोदल्या आणि बागा लावल्या, त्यावरून अलिबाग हे नाव पडले अशी परंपरा सांगितली जाते. त्यापूर्वी या जागी रामनाथ ही वस्ती होती. शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये समोरच्या खडकावर कुलाबा किल्ल्याचे काम सुरू केले आणि पुढे कान्होजी आंग्रे यांच्या काळात आरमाराचे ठाणे झाल्यावर गावाला महत्त्व आले. चौल, अक्षी आणि नागाव ही गावे त्याहून कित्येक शतकांनी जुनी आहेत.

३. मग चौल किती जुने?

या किनाऱ्यावरील वस्तीचा इतिहास चौलपासूनच सुरू करावा लागतो. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांतील ग्रीक लेखनात ‘सिमिल्ला’ या नावाने येणारे बंदर ते चौल, असे बहुतेक अभ्यासक मानतात. कान्हेरीच्या लेण्यांत चेमुल येथील दात्याचा उल्लेख आहे, शिलाहार राजघराण्याच्या लेखांत चेमुल्य हे नाव येते आणि अरब प्रवासी त्याच बंदराला सैमूर म्हणतात. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने केलेल्या उत्खननात सातवाहनकाळापर्यंत मागे जाणारे वस्तीचे अवशेष मिळाले आहेत.

दहाव्या शतकाच्या प्रारंभी, म्हणजे हिजरी ३०४ मध्ये, अल् मसूदी हा बगदादचा प्रवासी सैमूरला आला. तेव्हा येथे शिलाहार राजा झंझ याचा अंमल होता. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद येथून आलेले आणि येथेच जन्मलेले असे मिळून सुमारे दहा हजार मुसलमान या गावी राहत असल्याचे त्याने लिहून ठेवले आहे. प्रवाशाने दिलेला आकडा शब्दशः घेऊ नये हे खरे, पण एका हिंदू राजाच्या बंदरात परदेशी व्यापाऱ्यांची कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत होती, हे त्यातून स्पष्ट होते. पंधराव्या शतकात अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी भारतात प्रथम उतरला तोही चौललाच.

आज चौलमधून जाणाऱ्याला वाड्या, तळी आणि रामेश्वराचे मंदिर दिसते. बंदर कोठेच दिसत नाही. खाडी गाळाने भरत गेली, मोठी जहाजे येईनाशी झाली आणि पुढे व्यापार मुंबईकडे वळला. हे घडायला दीर्घ काळ लागला, त्यामुळे चौल ‘बुडाले’ किंवा ‘एका लढाईत संपले’ अशा ज्या गोष्टी सांगितल्या जातात त्या स्वीकारण्यासारख्या नाहीत.

४. अक्षीचा शिलालेख हा मराठीतील पहिला शिलालेख आहे, हे खरे का?

तसा दावा भक्कम आहे, पण निर्विवाद नाही. अक्षी येथील या शिळेवर वर चंद्रसूर्य कोरले असून ‘पश्चिमसमुद्राधिपती’ अशी बिरुदे लावणारा शिलाहार राजा केसीदेव, त्याचा प्रधान भइर्जु सेणुई आणि महालक्ष्मी देवीसाठी दिलेले धान्याचे दान यांचा त्यात उल्लेख आहे. लेखाचे वर्ष शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२, असे वाचले जाते. श्रवणबेळगोळ येथील गोमटेश्वराच्या पायथ्याचा मराठी लेख पूर्वी पहिला मानला जाई आणि अजूनही अनेक पुस्तकांत तसेच छापलेले असते. अक्षीच्या लेखातील वर्षाच्या वाचनाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत, म्हणून ‘ज्ञात मराठी लेखांपैकी सर्वांत जुन्यांपैकी एक’ असे लिहिणे अधिक जबाबदारीचे ठरेल.

वस्तीच्या इतिहासासाठी या लेखाचे महत्त्व पहिलेपणाहून मोठे आहे. देवस्थानाला धान्य नेमून दिले जाते तेव्हा ते पिकवणारी, मोजणारी आणि पोचवणारी माणसे गावात असतात. म्हणजे हजार वर्षांपूर्वी अक्षीत शेती स्थिर होती आणि कारभाराची भाषा लोकांना समजेल अशी होती.

५. नागावचा शिलालेख कशासाठी पाहावा?

कारण त्यात हिजरी ७६९ आणि शके १२८९ या दोन्ही कालगणना एकाच मराठी मजकुरात शेजारी शेजारी आल्या आहेत. ठाणे-कोकणात राज्य करणाऱ्या हंबीररावाचे नाव त्यात ‘प्रौढप्रताप चक्रवर्ती महाराजाधिराज’ अशा थाटाच्या बिरुदांसह येते. यादवांचे राज्य संपून अर्धशतक उलटले होते, तरी येथे स्थानिक हिंदू राजा होता आणि त्याच्या कारभाराला हिजरी सन परिचयाचा होता. या किनाऱ्यावरचे सहजीवन समजून घ्यायचे असेल तर पानेच्या पाने वाचण्यापेक्षा या एका ओळीपाशी थांबणे मला अधिक मोलाचे वाटते.

६. येथील मूळ रहिवासी कोण? सर्वांत आधी कोण आले?

हा प्रश्न सर्वाधिक येतो आणि बहुधा उत्तर ठरवूनच विचारला जातो. उपलब्ध पुराव्यांवरून कोणत्याही एका समाजाला ‘पहिला’ ठरवता येत नाही. मासेमारी करणारे कोळी, मीठ आणि खाजणातील भात पिकवणारे आगरी, डोंगराच्या कुशीतील कातकरी आणि ठाकूर हे येथील अतिशय जुने समाज आहेत. मात्र त्यांच्या पूर्वजांनी शिळा कोरल्या नाहीत की ताम्रपट घेतले नाहीत. लिखित पुरावा नसणे म्हणजे वस्ती नसणे असा अर्थ काढणे हा अन्याय आहे. उलट, ज्यांच्याकडे बखर किंवा सनद आहे ते त्याच वर्षी येथे आले, असेही मानता येत नाही, कारण सनद बहुतेक वेळा आधीच असलेल्या वहिवाटीवर शिक्कामोर्तब करते.

वाडवळ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सोमवंशी क्षत्रिय पाठारे समाजात बिंब राजाबरोबर आलेल्या कुळांची परंपरा सांगितली जाते आणि तिला महिकावतीच्या बखरीचा आधार दिला जातो. बखरीचा मुख्य विषय साष्टी, वसई आणि माहीमचा प्रदेश आहे आणि तिच्यात निरनिराळ्या काळांतील मजकूर एकत्र झाला आहे, हे लक्षात घेऊन ती वाचावी. कुळांची नावे आणि स्थलांतराची आठवण यांसाठी ती बहुमोल आहे. सन आणि राजांचा क्रम यांसाठी तिच्यावर एकटीवर विसंबू नये.

७. बेने इस्रायली लोक नवगावला कसे आले?

बेने इस्रायली म्हणजे कोकणात स्थिरावलेले ज्यू. त्यांच्या परंपरेनुसार त्यांच्या पूर्वजांचे जहाज अलिबागच्या उत्तरेस नवगावजवळ फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या आणि किनाऱ्यावर आलेली प्रेते नवगावला पुरली गेली. ती जागा समाज आजही पवित्र मानतो आणि तेथे स्मारक आहे. ही घटना इसवी सनापूर्वीची असल्याचे समाजातील जुन्या इतिहासकारांनी मांडले, तर इतर अभ्यासकांनी निरनिराळी शतके सुचवली आहेत. काळ निश्चित करणारा समकालीन लेख उपलब्ध नाही.

त्यानंतरचे चित्र बरेच स्पष्ट आहे. हे लोक गावोगावी विखुरले, तेलाचे घाणे चालवू लागले आणि शनिवारी घाणा बंद ठेवत असल्यामुळे त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले जाऊ लागले. मराठी हीच त्यांची घरची भाषा झाली. सुंता, शब्बाथ म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा दिवस, काही सण आणि शेमा ही प्रार्थना एवढे त्यांनी जपले. पुढे दाविद रहाबी नावाच्या व्यक्तीने त्यांना धर्माचे शिक्षण दिले आणि झिराडकर, राजपूरकर, शापूरकर या घराण्यांतील माणसांना काझी म्हणून तयार केले, असे परंपरा सांगते. ही व्यक्ती कोणत्या शतकातील, यावर एकमत नाही.

मुंबईत त्यांचे पहिले सिनेगॉग १७९६ मध्ये सॅम्युएल एझिकेल दिवेकर यांनी बांधले. अष्टागरात रेवदंड्याचे बेथ एल आणि अलिबागच्या इस्रायल आळीतील मागेन आबोथ ही सिनेगॉग एकोणिसाव्या शतकातील आहेत. अलिबागजवळच्या सागाव-खंडाळा परिसरात एक खडक आहे. प्रेषित एलिया तेथून स्वर्गात गेले अशी श्रद्धा असून तेथे मलिदा अर्पण केला जातो. पोहे, गूळ, खोबरे आणि फळे यांचा हा मलिदा कोकणातल्या कोणत्याही घराला ओळखीचा वाटेल. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली, तरी दिमोना, अश्दोद, लोद येथे मराठी बोलणारी जुनी पिढी आहे आणि ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक तेथून निघत आले आहे.

८. आमचे आडनाव किहीमकर (किंवा चौलकर, दिवेकर, पेणकर) आहे. आम्ही मूळचे बेने इस्रायली असू का?

केवळ आडनावावरून असे म्हणता येत नाही. ‘कर’ जोडून गावावरून आडनाव घेण्याची पद्धत कोकणात सर्व समाजांत आहे. किहीमकर, नवगावकर, झिराडकर, रोहेकर, आष्टमकर, पेणकर, चेऊलकर, दिवेकर ही आडनावे बेने इस्रायलींत आढळतात, पण दिवेकर चित्पावनांतही आहेत आणि चौलकर अनेक जातींत सापडतात. आडनाव फक्त एवढेच सांगते की, एखादा पूर्वज त्या गावाहून दुसऱ्या गावी गेला आणि तेथे त्याला त्या गावाच्या नावाने ओळखू लागले. गाव सोडल्यानंतर नाव लागते, म्हणून चौलकर घराणे चौलमध्ये न सापडता अन्यत्र सापडणे स्वाभाविक आहे. पुढचा शोध कुलदैवत, दफनाची किंवा दहनाची जागा आणि दप्तरातील नोंदी यांवरून करावा. त्यासाठी प्रश्न १२ पाहा.

९. रेवदंडा आणि कोर्लई येथे पोर्तुगीज कधी आले आणि त्यांचे वंशज अजून आहेत का?

१५०८ मध्ये चौलच्या समुद्रात इजिप्त आणि गुजरातच्या आरमारांशी झालेल्या लढाईत पोर्तुगीज विजरईचा मुलगा लोरेन्सू द आल्मैदा मारला गेला. त्यानंतर १५२१ मध्ये निजामशाहीच्या परवानगीने त्यांनी रेवदंड्याला किल्ल्याचे काम सुरू केले. त्यामुळे ‘वरचे चौल’ निजामशाहीचे आणि ‘खालचे चौल’ म्हणजे रेवदंडा पोर्तुगीजांचे, अशी दोन शहरे शेजारी शेजारी नांदली. १५७०-७१ मध्ये मुर्तजा निजामशहाचा वेढा रेवदंड्याने परतवला आणि १५९४ मध्ये खाडीपलीकडचा कोर्लईचा डोंगर पोर्तुगीजांनी जिंकला. वसई मराठ्यांनी घेतल्यानंतर १७४० च्या तहाने रेवदंडा आणि कोर्लई मराठ्यांकडे आले.

सत्ताधारी निघून गेले. शिपाई, खलाशी, सेवक आणि धर्मांतरित स्थानिक यांची कुटुंबे कोर्लईच्या पायथ्याशी राहिली. त्यांची पोर्तुगीज-मराठी मिश्र बोली आजही त्या गावात बोलली जाते आणि तिला ते ‘नौ लिंग’, म्हणजे आमची भाषा, म्हणतात. गोव्याशी आणि पोर्तुगालशी संबंध तुटून पावणेतीनशेहून अधिक वर्षे झाली, तरी काही शेकडो माणसांनी ती घरात टिकवली आहे. ही माणसे ‘पोर्तुगीज’ आहेत असे म्हणणे अपुरे आहे. त्यांचे पूर्वज अनेक ठिकाणचे होते आणि बहुसंख्य याच किनाऱ्यावरचे असावेत.

१०. आंग्रे घराणे मूळचे अलिबागचेच का?

नाही. घराण्याचे मूळ आडनाव संकपाळ आणि पुणे परिसरातील आंगरवाडीवरून आंग्रे हे नाव पडले असे सांगितले जाते. कान्होजींनी कुलाब्याला राजधानी केली, १७२९ मध्ये त्यांचे निधन झाले आणि त्यांची समाधी अलिबाग शहरात आहे. १८४० मध्ये वारस नसल्याचे कारण देऊन इंग्रजांनी संस्थान खालसा केले. वस्तीच्या दृष्टीने आंग्रेकाळ महत्त्वाचा, कारण आरमारासाठी खलाशी, गोलंदाज, सुतार, कारकून अशी माणसे घाटावरून आणि दक्षिण कोकणातून येथे आणली गेली. अनेक घराण्यांची अष्टागरातील पहिली नोंद याच काळातील सापडते.

११. खारभूमी, खाजण, शिलोत्री हे शब्द जुन्या कागदांत येतात. त्यांचा वस्तीशी काय संबंध?

फार जवळचा, आणि स्थानिक इतिहासात सर्वाधिक दुर्लक्ष याच विषयाकडे झाले आहे. भरतीचे पाणी शिरते त्या खाजणाला बांध घालून पाणी अडवायचे, काही पावसाळे जमिनीतले मीठ धुऊन जाऊ द्यायचे आणि मग तेथे भात लावायचे, अशी ही शेती. बांध दगड, माती आणि चिखलाचा. पाणी सोडायला आणि अडवायला त्याला उघाडी ठेवलेली. उधाणाच्या एका भरतीत बांध फुटला तर शेत पुन्हा खारे होते आणि पुढची काही पिके जातात. म्हणून बांधाला कायम माणसे लागतात आणि माणसे तेथेच वस्ती करून राहतात.

हे काम करवून घेण्यासाठी राज्यकर्ते कौल देत, म्हणजे सुरुवातीची काही वर्षे सारा माफ किंवा कमी करत. स्वतःच्या खर्चाने बांध घालणाऱ्याला त्या जमिनीवर विशेष हक्क मिळे. त्या हक्काच्या जमिनींना शिलोत्री म्हणत. पुढे हक्क गावाचा सारा वसूल करणाऱ्या खोतांकडे आणि सावकारांकडे गेले, बांध मात्र जमीन कसणाऱ्या कुळांच्या अंगमेहनतीवर उभे राहिले. याच अन्यायातून चरी आणि भोवतालच्या गावांतील शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ मध्ये जमीन न कसण्याचा संप पुकारला आणि तो १९३९ पर्यंत चालवला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३७ मध्ये मुंबई कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. खोती रद्द करणारा कायदा १९४९ मध्ये झाला. राजांनी बांधलेल्या किल्ल्यांना फलक आहेत आणि ज्यांनी समुद्र मागे रेटून गावे उभी केली त्यांच्या बांधांना एकही फलक नाही, ही उणीव भरून निघाली पाहिजे असे मला मनापासून वाटते.

१२. आमच्या घराण्याचा शोध कोठून सुरू करावा?

घरापासून. कुलदैवत, देवक, लग्नात मान कोणत्या घराला जातो, जुनी विहीर किंवा वाडी कोणाच्या नावाने ओळखली जाते, हे ज्येष्ठांकडून आधी लिहून घ्यावे. त्यानंतर तहसील आणि भूमी अभिलेख कार्यालयातील जुने सातबारा, फेरफार, आकारफोड, क-ड-ई पत्रक पाहावे. जन्ममृत्यूसाठी कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४, उपयोगी पडते. बहुतेक जुन्या नोंदी मोडीत असतात. मोडी शिकायला काही महिने पुरतात आणि दुसऱ्याकडून वाचून घेण्यापेक्षा स्वतः वाचणे केव्हाही हिताचे. पेशवेकालीन कागदांसाठी पुण्याचे पुराभिलेखागार, कोर्लई-रेवदंड्याच्या पोर्तुगीज काळासाठी गोव्याचे पुराभिलेखागार आणि एकंदर पार्श्वभूमीसाठी १८८३ चे कुलाबा-जंजिऱ्याचे गॅझेटियर पाहावे. त्र्यंबकेश्वर, नाशिक येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पूर्वजांच्या सह्या आणि नावे मिळू शकतात.

१३. आजोबांचे गाव रायगड जिल्ह्यात आहे, पण कुलाबा जिल्ह्याच्या जुन्या नोंदींत ते सापडत नाही. असे का?

गाव तेव्हा दुसऱ्या सत्तेखाली असण्याची शक्यता मोठी आहे. कुलाबा हा स्वतंत्र जिल्हा १८६९ मध्ये झाला आणि १९८१ मध्ये त्याचे नाव रायगड झाले. मुरुड, म्हसळा, श्रीवर्धन हा भाग १९४८ पर्यंत सिद्दींच्या जंजिरा संस्थानात होता. सुधागड म्हणजे पालीचा भाग भोर संस्थानात होता. पनवेल, उरण, कर्जत हा भाग एकोणिसाव्या शतकात बराच काळ ठाणे जिल्ह्यात होता. त्यामुळे आधी गाव कोणत्या वर्षी कोणाकडे होते हे ठरवावे आणि मगच दप्तर निवडावे.

१४. जुन्या कागदावरचे वर्ष इसवी सनात कसे आणावे?

शकात ७८ मिळवावे; पौषाच्या सुमारास इसवी सन बदलतो, म्हणून वर्षाच्या अखेरच्या महिन्यांत ७९. फसली सनात ५९० किंवा ५९१ मिळवावे. मराठेशाहीतील पत्रांत बहुधा सुहूर सन असतो आणि तो ‘इसन्ने, सलास, अर्बा’ अशा अरबी संख्यावाचक शब्दांत लिहिलेला असतो. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवावे लागतात, कारण हे वर्ष मृगाच्या सुमारास सुरू होते. नुसत्या ‘हिजरी’ शब्दावर विसंबून सुहूर सनाला चांद्र हिजरी मानल्यास घराण्याचा इतिहास अनेक वर्षे मागेपुढे होतो. ही चूक छापील कुलवृत्तांतांतही आढळते.

१५. डीएनए चाचणीने आपण कोठून आलो हे निश्चित कळेल का?

समाजाच्या पातळीवर काही कळते. बेने इस्रायलींवरील २०१६ मधील संशोधनात त्यांच्यात मध्यपूर्वेतील ज्यू आणि स्थानिक भारतीय अशा दोन्ही पूर्वजांचा अंश दिसला आणि हे मिश्रण सुमारे ६५० ते १,०५० वर्षांपूर्वीचे असल्याचा अंदाज आला. मिश्रणाचा काळ हा आगमनाचा काळ नव्हे. आधी येऊन नंतर मिसळणे शक्य असते. एका व्यक्तीच्या चाचणीवरून गाव, आडनाव किंवा जात सिद्ध होत नाही.

१६. वाडीत खोदताना कोरीव दगड निघाला. काय करावे?

दगड हलवण्यापूर्वी जागेचे आणि चारही बाजूंचे छायाचित्र घ्यावे, शेजारी मोजपट्टी ठेवावी. शेंदूर, तेल, ऑइलपेंट किंवा सिमेंट लावू नये आणि अक्षरे उठून दिसावीत म्हणून खिळ्याने किंवा तारेच्या ब्रशने घासू नये. वर चंद्रसूर्य आणि खाली गाढव व स्त्री कोरलेली असेल तर तो गधेगळ, म्हणजे दान मोडणाऱ्याला शाप देणारा दगड आहे. तो अशुभ मानून फोडल्याची किंवा विहिरीत टाकल्याची उदाहरणे कोकणात पुष्कळ आहेत. राज्य पुरातत्त्व विभागाला आणि तहसीलदारांना लेखी कळवावे, अर्जाची पोच घ्यावी आणि कोणत्या गट क्रमांकात, किती खोलीवर, कोणत्या दिशेला तोंड करून दगड होता हे त्याच दिवशी लिहून ठेवावे. दगड मूळ जागेवरून हलला आणि ही नोंद नसली, तर लेख वाचता आला तरी दिलेली जमीन कोणती होती हे पुढे ठरवता येत नाही.